जावास्क्रिप्ट प्रकल्पांसाठी सामायिक लिंटिंग नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकापेक्षा जास्त वेब प्रकल्प सांभाळणाऱ्या टीमकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे ईएसलिंट या जावास्क्रिप्ट कोड तपासणाऱ्या साधनाच्या नवव्या मेजर (मुख्य) आवृत्तीला धरून आहेत. फाइलींची, नियमांची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती अर्थातच मूळ रोमन रूपातच लिहावीत.

१. लिंटर म्हणजे नेमके काय?

कोड न चालवता, केवळ वाचून, त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारे साधन म्हणजे लिंटर. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कपड्यांवर उठणाऱ्या बारीक तंतूंवरून हे नाव आले. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये जेएसलिंट आणले, पण त्यात क्रॉकफर्ड यांची मते बहुतांशी जशीच्या तशी स्वीकारावी लागत. निकोलस झकास यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट सुरू केले तेव्हा प्रत्येक नियम सुटा ठेवला, त्यामुळे तो चालू, बंद किंवा प्लगइनमधून (बाहेरून जोडायच्या पूरक पॅकेजमधून) नव्याने जोडता येऊ लागला. सामायिक नियमावली ही कल्पनाच या सुटेपणावर उभी आहे. कोडची मांडणी एकसारखी करणारा फॉरमॅटर हे वेगळे साधन आहे; त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

२. आमचे चारपाच प्रकल्प आहेत. प्रत्येकात तीच कॉन्फिग फाइल कॉपी केली तर काय बिघडते?

पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. आम्हीही तेच केले होते. पाच रेपोंमध्ये (कोडच्या भांडारांमध्ये) एकच फाइल होती, आणि त्यांपैकी एकात रिलीजच्या संध्याकाळी कोणीतरी ‘नो-अनयूज्ड-व्हार्स’ हा न वापरलेली व्हेरिएबल दाखवणारा नियम ‘उद्या परत लावू’ म्हणून बंद केला. तो उद्या उगवला नाही. काही महिन्यांनी त्याच रेपोत एका सहकाऱ्याने बिलाच्या फंक्शनमध्ये सवलतीची रक्कम काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि पुढच्या ओळीत ती वजा करायची राहून गेली. ग्राहकांना सवलतीविना बिले गेली. उरलेल्या चार रेपोंमध्ये त्या व्हेरिएबलखाली लाल रेघ उमटली असती. येथे नियमच बंद होता.

म्हणजे कॉपी केलेल्या फाइलींचा खरा दोष असा की त्या एकमेकींपासून कधी दूर गेल्या हे कोणालाच कळत नाही. पॅकेज केल्यावरही प्रकल्पाला नियम बंद करता येतोच, परंतु तो बदल प्रकल्पाच्या छोट्याशा फाइलीत एकटा उठून दिसतो आणि रिव्ह्यूमध्ये विचारला जातो. प्रकल्प दोनच असतील आणि माणसेही तीच असतील, तर मात्र खुशाल कॉपी करावी.

३. सामायिक पॅकेजमध्ये काय ठेवायचे आणि त्याला नाव काय द्यायचे?

नव्या पद्धतीत (प्रश्न ४ मधील ‘फ्लॅट’ पद्धतीत) पॅकेज म्हणजे कॉन्फिग वस्तूंचा एक ॲरे निर्यात करणारे साधे जावास्क्रिप्ट मोड्यूल असते. प्रकल्पातील ‘ईएसलिंट.कॉन्फिग.जेएस’ ही फाइल तो ॲरे आयात करते आणि त्याच्यापुढे स्वतःच्या दोनचार ओळी जोडते. ‘ईएसलिंट-कॉन्फिग-’ हा उपसर्ग जुन्या पद्धतीत नाव आपोआप ओळखले जावे म्हणून लागे. आता आयात नेहमीसारखीच असल्यामुळे तो बंधनकारक नाही, तरीही शोधणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवावा. संस्थेचा स्कोप असेल तर ‘@संस्था/ईएसलिंट-कॉन्फिग’ हे नाव रूढ आहे.

आतमध्ये एकच मोठा ॲरे न ठेवता पाया, ब्राउझर, नोड, रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्ट असे भाग वेगळे निर्यात करावेत. नोडवर चालणाऱ्या सेवेला रिॲक्टचे प्लगइन उतरवायला लावणे हा निष्कारण भुर्दंड आहे.

४. आमच्याकडे अजून जुनी ‘.ईएसलिंटआरसी’ फाइल आहे. आधी ती बदलावी लागेल का?

होय, आणि हे काम नियम एकत्र करण्याच्या आधी, वेगळे उरकावे. नवी ‘फ्लॅट’ पद्धत ऑगस्ट २०२२ मध्ये ८.२१ या आवृत्तीत प्रयोग म्हणून आली, एप्रिल २०२४ मध्ये नवव्या आवृत्तीत तीच आपसूक लागू होणारी (डिफॉल्ट) पद्धत झाली आणि आठव्या आवृत्तीचा आधार ५ ऑक्टोबर २०२४ रोजी संपला. स्थलांतरासाठी ईएसलिंटचेच एक साधन उपलब्ध आहे. ज्या जुन्या नियमावल्यांना अजून नवे रूप मिळालेले नाही, त्यांच्यासाठी ‘फ्लॅटकॉम्पॅट’ हा तात्पुरता पूल वापरता येतो.

येथे एक सवय लावून घेण्यासारखी आहे. बदलापूर्वी एखाद्या नमुना फाइलीवर ‘--प्रिंट-कॉन्फिग’ चालवून निष्पन्न नियमांची यादी जतन करावी, बदलानंतर पुन्हा चालवावी आणि दोन्ही याद्यांची तुलना करावी. आमच्या पहिल्या स्थलांतरात सर्व काही हिरवे दिसत होते; तुलना केल्यावर उमगले की ‘.जेएसएक्स’ फाइली तपासल्याच जात नव्हत्या. हिरवा निकाल म्हणजे चूक नाही असेही असते आणि तपासणीच नाही असेही असते.

५. सुरुवात कोणत्या नियमांनी करावी? एअरबीएनबीची नियमावली तशीच उचलली तर चालेल का?

ती नियमावली विचारपूर्वक केलेली आहे, परंतु तिच्यातील पुष्कळसा भाग शैलीचा आहे आणि तिची १९.०.४ ही आवृत्ती ईएसलिंटच्या सातव्या आणि आठव्या आवृत्त्यांसाठी आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उसनी आणलेली शेकडो नियमांची यादी टीममधील कोणीही वाचलेली नसते, आणि न वाचलेल्या नियमाची बाजू रिव्ह्यूमध्ये कोणी घेत नाही.

ईएसलिंटचा स्वतःचा ‘रेकमेंडेड’ संच घ्यावा आणि त्यावर मोजके नियम चढवावेत. ‘नो-व्हार’ आणि ‘प्रिफर-कॉन्स्ट’ यांवर फारसा वाद होत नाही. ‘ईक्यू-ईक्यू-ईक्यू’ हा नियम == ऐवजी === लिहायला लावतो; मात्र ‘नल’शी केलेली तुलना त्यातून वगळण्याचा पर्याय द्यावा, कारण == ने नल आणि अनडिफाइन्ड दोन्ही एकदम पकडणे ही रास्त आणि प्रचलित रीत आहे. त्यापुढचा प्रत्येक नियम मागणाऱ्याने आपल्याच कोडमधली, त्या नियमामुळे टळली असती अशी एक चूक दाखवावी, ही अट आम्ही घातली आहे. तिच्यामुळे आमची यादी आजही एका पानात मावते.

६. अर्धविराम, टॅब की स्पेस, एकेरी की दुहेरी अवतरण, हे नियम सामायिक यादीत असावेत का?

नसावेत. हे काम फॉरमॅटरचे आहे. जेम्स लाँग यांचे प्रिटियर २०१७ मध्ये आले तेव्हापासून या विषयावर माणसांनी भांडण्याचे कारण उरलेले नाही. ईएसलिंटनेही २०२३ मध्ये ८.५३ या आवृत्तीपासून आपले मांडणीविषयक नियम निवृत्तीच्या यादीत टाकले. ज्यांना ते हवेच असतील त्यांच्यासाठी ‘ईएसलिंट स्टायलिस्टिक’ हा वेगळा प्रकल्प आहे.

दोन्ही साधने एकत्र चालवताना ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियर’ ॲरेच्या अगदी शेवटी ठेवावे. ते फॉरमॅटरशी भांडणारे नियम बंद करते, आणि त्याच्यानंतर आलेली दुसरी कॉन्फिग ते नियम पुन्हा चालू करू शकते. विंडोज आणि लिनक्स यांच्या ओळ-अखेरीच्या फरकावरून होणारे घोळ ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये मिटवावेत, लिंटरमध्ये नव्हे.

७. नियम ‘वॉर्न’वर ठेवावा की ‘एरर’वर?

नियमाच्या तीन पातळ्या असतात: ऑफ, वॉर्न आणि एरर, म्हणजेच ०, १ आणि २. वॉर्नवर ठेवलेला नियम बिल्ड अडवत नाही, आणि जे अडत नाही ते साचत जाते. पिवळ्या ओळींची संख्या तीन आकडी झाली की नवी ओळ कोणाच्याही नजरेस पडत नाही. म्हणून सामायिक यादीत नियम एरर असावा किंवा नसावा. नवा नियम येणार असल्याची सूचना म्हणून दोनतीन आठवडे वॉर्न ठेवणे ठीक आहे, पण एररवर नेण्याची तारीख त्याच दिवशी ठरवावी. सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत) ‘--मॅक्स-वॉर्निंग्ज ०’ लावल्यास इशाऱ्यालाही अपयशाचे वजन येते.

८. नियम लावताच जुन्या कोडमध्ये हजारो चुका दिसू लागल्या. आता काय करावे?

प्रथम ज्या चुका आपोआप दुरुस्त होतात त्या ‘--फिक्स’ने काढाव्यात, पण स्वतंत्र कमिटमध्ये, आणि त्या कमिटमध्ये हाताने केलेला एकही बदल नसावा. त्या कमिटचा क्रमांक ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या फाइलीत नोंदवावा. गिट २.२३ पासून ‘ब्लेम’ या आज्ञेला अशी यादी देता येते, त्यामुळे ‘ही ओळ कोणी लिहिली’ या प्रश्नाला प्रत्येक वेळी लिंटिंग करणाऱ्याचेच नाव येत नाही. आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या अर्थ न बदलणाऱ्या असाव्यात असा ईएसलिंटचा संकेत आहे. तरी टेस्ट चालवल्याशिवाय मर्ज करू नये.

उरलेल्या चुकांसाठी एप्रिल २०२५ मधील ९.२४ या आवृत्तीत सामूहिक सूट देण्याची सोय आली. ‘--सप्रेस-ऑल’ चालवल्यावर सध्याच्या सर्व चुकांची फाइलवार आणि नियमवार मोजणी एका जेसन फाइलीत लिहिली जाते. ती रेपोत कमिट करायची. त्यानंतर जुन्या चुका अडवत नाहीत, परंतु एखाद्या फाइलीत त्या नियमाची चूक नोंदलेल्या संख्येपेक्षा वाढली की बिल्ड अडते. ही सूट केवळ एरर पातळीच्या नियमांना मिळते, हे प्रश्न ७ मधील सल्ला पाळण्याचे आणखी एक कारण आहे. जुने सगळे आधी साफ करू आणि मग नियम लावू, हा बेत आम्ही एकदा केला होता. साफसफाई चालू असताना दुसऱ्या टोकाने नवा कचरा येतच होता.

९. लिंटर एडिटरमध्ये, कमिट करताना की सीआयमध्ये चालवावा?

तिन्ही ठिकाणी, पण निर्णायक फक्त सीआय मानावे. हस्की आणि लिंट-स्टेज्ड यांच्या साहाय्याने कमिटपूर्वी केवळ बदललेल्या फाइली तपासता येतात. मात्र ‘--नो-व्हेरिफाय’ लिहून कोणीही ती पायरी ओलांडू शकतो, आणि घाईच्या वेळी ओलांडू द्यावी.

१०. एखाद्या ओळीपुरती सूट हवी असल्यास ती कशी द्यावी?

त्या ओळीच्या वर ‘ईएसलिंट-डिसेबल-नेक्स्ट-लाइन’, त्यापुढे नियमाचे नाव, मग दोन आडव्या रेघा आणि कारण, अशी टिप्पणी लिहावी. दोन रेघांनंतरचा मजकूर ईएसलिंट वाचत नाही. तो माणसांसाठी असतो. नियमाचे नाव न घेता संपूर्ण फाइलीला दिलेली सूट आम्ही रिव्ह्यूमध्ये परत पाठवतो, कारण तिच्या आडून उद्याच्या चुकाही सुटतात. नवव्या आवृत्तीपासून निरुपयोगी झालेल्या सूट-टिप्पण्यांवर आपोआप इशारा येतो, आणि ‘--मॅक्स-वॉर्निंग्ज ०’ असेल तर तोच इशारा बिल्डही थांबवतो.

११. प्रकल्पाने सामायिक नियम बदलला तर शेवटी कोणते मूल्य लागू होते?

ॲरेमध्ये नंतर येणारी वस्तू आधीच्या वस्तूवर मात करते. यात एक बारकावा आहे. प्रकल्पाने केवळ पातळी लिहिली, उदाहरणार्थ नुसते ‘वॉर्न’, तर सामायिक यादीतील त्या नियमाचे पर्याय कायम राहतात. पण पातळीसोबत पर्यायही लिहिले, तर जुने पर्याय पूर्णपणे जातात. दोन्हींची सरमिसळ होत नाही. ‘ईक्यू-ईक्यू-ईक्यू’ला नल वगळण्याची सवलत पॅकेजमध्ये आहे आणि प्रकल्पात कोणी ‘ऑलवेज’ एवढेच लिहिले, की सवलत गेली.

१२. ‘कॅनॉट रिडिफाइन प्लगइन’ अशी चूक येते. प्लगइन तर एकच आहे, मग असे का?

नाव एकच आहे, प्रती दोन आहेत. फ्लॅट पद्धतीत प्लगइन ही प्रत्यक्ष आयात केलेली वस्तू असते आणि एकाच नावाखाली एकाच फाइलीला दोन वेगळ्या वस्तू लागू झाल्या की ईएसलिंट थांबते. बहुधा सामायिक पॅकेजने एक आवृत्ती आणलेली असते आणि प्रकल्पाच्या ‘पॅकेज.जेसन’मध्ये जुन्या दिवसांतली दुसरी शिल्लक असते. पॅकेज बसवणाऱ्या एनपीएमची ‘एनपीएम एलएस’ ही आज्ञा आणि प्लगइनचे नाव एवढे चालवल्यावर दोन्ही प्रती दिसतात.

प्लगइन सामायिक पॅकेजच्या डिपेंडन्सीमध्ये असावेत आणि प्रकल्पातून काढून टाकावेत. प्रकल्पाला एखादे प्लगइन थेट हवे असेल, तर पॅकेजनेच ते पुन्हा निर्यात करावे. ईएसलिंट स्वतः मात्र पिअर डिपेंडन्सी, म्हणजे प्रकल्पाने स्वतः बसवायचे पॅकेज, असावे.

१३. मोनोरेपोमध्ये (अनेक प्रकल्प असलेल्या एकाच रेपोत) काही फाइली तपासल्याच जात नाहीत, तर काही वगळूनही तपासल्या जातात. कारण काय?

दोन वेगवेगळी कारणे असू शकतात. पहिले असे की जुन्या पद्धतीत प्रत्येक फोल्डरमधील कॉन्फिग एकमेकींत मिसळत असत. आता तसे होत नाही. नववी आवृत्ती ज्या फोल्डरमधून आज्ञा दिली तेथून वर शोधत जाते आणि पहिली कॉन्फिग सापडली की तीच घेते. त्यामुळे एडिटर मुळाशी उघडला असता एक निकाल आणि टर्मिनल उपफोल्डरमध्ये असता दुसरा, असे होते. व्हीएस कोडमध्ये यासाठी ‘वर्किंग डिरेक्टरीज’ ही सेटिंग आहे.

दुसरे कारण ‘इग्नोअर्स’ या कळीचे. एखाद्या वस्तूत फक्त ‘इग्नोअर्स’ असेल, तर त्या फाइली सर्वच नियमांतून वगळल्या जातात. त्याच वस्तूत ‘रूल्स’सारखी आणखी एक कळ असली, तर वगळणे केवळ त्या वस्तूपुरते राहते. ‘डिस्ट’ फोल्डर वगळणाऱ्या वस्तूत कोणी सहज एक नियम लिहितो आणि दुसऱ्या दिवशी बिल्ड झालेल्या फाइलींवर चुकांचा पाऊस पडतो. मार्च २०२५ मधील ९.२२ या आवृत्तीत आलेले ‘ग्लोबल-इग्नोअर्स’ हे फंक्शन वापरल्यास हेतू स्पष्ट राहतो.

१४. टाइपस्क्रिप्टसाठी वेगळी नियमावली लागते का?

वेगळा थर लागतो. टीएसलिंट २०१९ मध्ये निवृत्त झाले. आता ‘टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट’ वापरतात. घोषित न केलेली नावे पकडणारा ‘नो-अनडेफ’ टाइपस्क्रिप्ट फाइलींसाठी बंद करावा, कारण ते काम कंपायलर अधिक चांगले करतो, आणि ‘नो-अनयूज्ड-व्हार्स’ची मूळ आवृत्ती बंद करून टाइपस्क्रिप्टची चालू करावी. टाइपची माहिती वापरणारे नियम संथ असतात, पण ‘नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस’ या एका नियमासाठी तो वेळ खुशीने द्यावा. अवेट लिहायचे राहून गेल्याने होणारी चूक रिव्ह्यूमध्ये डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. कोणता नियम किती वेळ खातो हे ‘टायमिंग=१’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लावून पाहता येते.

१५. पॅकेजमध्ये एक नियम वाढवला तर आवृत्ती कशी बदलावी?

मेजर, म्हणजे आवृत्तीचा पहिला आकडा. ‘एकच तर नियम’ म्हणून मायनर (दुसरा आकडा) काढली आणि सोमवारी सकाळी चार टीमचे बिल्ड लाल झाले, असे घडू शकते. नियम सैल केला तर मायनर पुरते. ईएसलिंटही आपला ‘रेकमेंडेड’ संच मेजर आवृत्तीतच बदलते. नवव्या आवृत्तीत त्याशिवाय ‘नो-अनयूज्ड-व्हार्स’ने न वापरलेला कॅचमधील एररही मोजायला सुरुवात केली, म्हणून मेजर बदलाची टिपणे वाचूनच पुढे जावे.

१६. लिंटर तर फक्त डेव्हलपरच्या मशीनवर असतो. त्यात सुरक्षेचा धोका कसला?

डेव्हलपरचे मशीन हेच लक्ष्य असते. जुलै २०१८ मध्ये एका देखभालकर्त्याचे खाते, इतरत्रही वापरलेल्या पासवर्डमुळे, परक्याच्या हाती गेले आणि ‘ईएसलिंट-स्कोप’ची ३.७.२ ही आवृत्ती एनपीएमची टोकन (प्रवेशाच्या किल्ल्या) चोरणारा कोड घेऊन प्रसिद्ध झाली. जुलै २०२५ मध्ये फसव्या ईमेलमधून देखभालकर्त्याचे टोकन गेले आणि प्रश्न ६ मध्ये उल्लेखलेल्या ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियर’च्या काही आवृत्त्यांत विंडोजवर चालणारा घातक कोड घुसला. पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉकफाइल कमिट करावी, सीआयमध्ये ‘एनपीएम सीआय’ वापरावे, नवी आवृत्ती आली त्याच दिवशी घेऊ नये, आणि आपले सामायिक पॅकेज प्रसिद्ध करण्याचा अधिकार दुहेरी पडताळणी असलेल्या एकदोघांकडेच ठेवावा.

१७. कोडमध्ये मराठी मजकूर असला की लिंटर विचित्र चुका दाखवतो. नियम बंद करावा का?

बंद करू नये. येथे बहुतेक वेळा लिंटरच बरोबर असतो. एका फॉर्ममध्ये /[कि]/ असा रेगेक्स (मजकूर शोधण्याचा नमुना) होता आणि त्यावर ‘नो-मिसलीडिंग-कॅरेक्टर-क्लास’ या नियमाची चूक येत होती. आपल्याला ‘कि’ हे एक अक्षर दिसते. संगणकाला ‘क’ आणि वेलांटी अशी दोन चिन्हे दिसतात, आणि चौकटी कंसात ती सुटी मोजली जातात. म्हणजे हा रेगेक्स नुसत्या ‘क’लाही होकार देतो. ‘कि’च हवे असेल तर कंस काढावेत, देवनागरी अक्षर कोणतेही चालत असेल तर युनिकोड फ्लॅग लावून लिपीचा गुणधर्म वापरावा. त्यात देवनागरी अंक येतात, पण दंड येत नाही, कारण तो अनेक लिपींचा सामायिक मानला आहे.

दुसरी नेहमीची चूक ‘नो-इरेग्युलर-व्हाइटस्पेस’ची. वर्ड फाइलीतून चिकटवलेल्या मराठी टिप्पणीत न तुटणारी स्पेस येते, जी डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते. स्ट्रिंगमधील अशा जागा हा नियम मुळातच सोडून देतो. टिप्पणीतील मात्र पकडतो. ती स्पेस पुसून पुन्हा टाइप करावी.

१८. बायोम किंवा ऑक्सलिंट वेगवान आहेत म्हणतात. मग ईएसलिंटवर एवढा खटाटोप कशाला?

दोन्ही रस्ट भाषेत लिहिलेली आहेत आणि वेगवान आहेत यात शंका नाही. रोम हा प्रकल्प थांबल्यावर २०२३ मध्ये त्यातून बायोम निघाले, ऑक्सलिंटची १.० आवृत्ती जून २०२५ मध्ये आली. आपल्याला लागणारे सर्व नियम तेथे असतील तर अवश्य जावे. स्वतः लिहिलेले किंवा विशिष्ट प्लगइनचे नियम असतील तर आधी ते तपासावेत. यादी लहान असेल आणि प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण लिहिलेले असेल, तर साधन बदलणे हे आठवड्याभराचे काम असते.

१९. एखादा नियम काढून टाकायचा हे कोणी आणि कशावरून ठरवावे?

दर तीन महिन्यांनी सर्व रेपोंमध्ये सूट-टिप्पण्या शोधून त्या नियमवार मोजाव्यात आणि त्यांच्यापुढील कारणे वाचावीत. आमच्याकडे ‘नो-कन्सोल’च्या सूट-टिप्पण्या सर्वाधिक निघाल्या आणि जवळजवळ सगळ्या कमांड लाइनच्या स्क्रिप्टमध्ये होत्या, जेथे कन्सोलवर लिहिणे हेच कामाचे स्वरूप असते. आम्ही ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरपुरता तो नियम बंद केला आणि त्या सर्व टिप्पण्या एकाच कमिटमध्ये पुसल्या.